‘अनैसर्गिक’: लष्कर कायद्यातला एक जुना शब्द

लष्कर कायदा, १९५० चं कलम ४६ उघडलं की पहिल्याच पोटकलमात तीन विशेषणं ओळीनं उभी दिसतात. क्रूर, असभ्य, अनैसर्गिक. या प्रकारचं ‘लज्जास्पद वर्तन’ सिद्ध झालं तर कोर्ट मार्शल सात वर्षांपर्यंत कैद सुनावू शकतं. क्रूर म्हणजे काय, ते कुणालाही कळतं. असभ्य कशाला म्हणायचं, यावर वाद घालता येतो. अनैसर्गिक म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या मात्र त्या कायद्यात कुठंही नाही. समलिंगी माणसाला भारतीय सैन्यदलांत जागा आहे का, असं कुणी विचारलं की आधी या शब्दाकडे बोट दाखवावं लागतं. ‘समलिंगी व्यक्तीला प्रवेश नाही’ असं एक सरळ वाक्य शोधायला गेलात तर हा कायदा शेवटपर्यंत वाचूनही ते मिळत नाही.

पुणे, सातारा, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करणारी मुलं-मुली भरपूर. त्यांच्यातल्या काहींना हा प्रश्न रात्री झोपू देत नाही, आणि विचारायची सोय नसते. म्हणून आधी भरतीपासून सुरुवात करू.

यूपीएससीची जाहिरात वय, शिक्षण, अविवाहित असणं आणि शारीरिक पात्रता विचारते. लैंगिक कलाबद्दल तिथं अट नाही. पुढे एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्यांचे आणि मुलाखतीचे, पाच दिवस. पीआयक्यू नावाच्या माहितीपत्रकात घर, आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न, मार्क, खेळ, छंद, आधी किती वेळा मुलाखत दिली, एवढंच असतं. मानसशास्त्रीय चाचण्यांबद्दल क्लासेसच्या गल्लीत भलत्याच दंतकथा आहेत. चित्रावरून गोष्ट लिहायच्या चाचणीत बारा चित्रं असतात, शेवटचं कोरं. शब्दचाचणीत साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. प्रसंगचाचणीत साठ प्रसंग, अर्धा तास. या सगळ्यातून अधिकाऱ्याला लागणारे पंधरा गुण शोधतात. कोण कुणाकडे आकर्षित होतो हे त्यातून ‘पकडतात’ ही समजूत निराधार आहे.

घोटाळा होतो तो दुसरीकडे. मुलाखतीत ‘गर्लफ्रेंड आहे का?’ हा प्रश्न सहज येऊन जातो. घाबरून एखादी मैत्रीण तयार केली, तिला नाव दिलं, कॉलेज दिलं, की संपलं. मुलाखत घेणारा पुढचे दहा प्रश्न त्यावरच विचारतो, आणि पीआयक्यूतल्या माहितीशी एक तारीख जुळली नाही की शंका येते ती खोटेपणाची. ‘नाही’ हे उत्तर खरंही आहे आणि पुरेसंही. आत्मपरीक्षणाच्या चाचणीत आईवडील, मित्र, शिक्षक तुमच्याबद्दल काय म्हणतात ते लिहायचं असतं. वर्षानुवर्षं स्वतःला झाकून वावरलेल्या मुलाचं हे पान फार गुळगुळीत होतं. त्यावर इलाज एकच, प्रत्यक्ष घडलेले छोटे प्रसंग लिहायचे.

आता निवड झाली, खडकवासल्याला दाखल झालात. इथं एक गोष्ट पालकांनाच काय, बऱ्याच वकिलांनाही माहीत नसते. प्रबोधिनीतला छात्र लष्कर कायद्याखाली येत नाही. कायद्याचं कलम २ कुणाकुणाला लागू ते सांगतं, म्हणजे कमिशन मिळालेले अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी), भरती झालेले जवान वगैरे. छात्र त्या यादीत नाही. तीन वर्षं एनडीए आणि नंतर एक वर्ष डेहराडूनची लष्करी प्रबोधिनी झाली, खांद्यावर तारे लागले, की मग तो कायदा लागू होतो. म्हणजे कलम ४६ चा बागुलबुवा छात्राला दाखवला तर तो पोकळ आहे.

पण म्हणून छात्र सुरक्षित आहे असं मुळीच नाही, उलट त्याची बाजू जास्त लंगडी आहे. कोर्ट मार्शलमध्ये निदान आरोपपत्र असतं, साक्षीपुरावा असतो, उलटतपासणी असते. छात्राच्या बाबतीत सगळा कारभार प्रशासकीय. रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, मग रेलिगेशन, म्हणजे एक टर्म मागे ढकलणं, आणि शेवटी ‘विड्रॉल’, म्हणजे प्रबोधिनीतून काढणं. कारणाच्या रकान्यात ‘शिस्त’ किंवा ‘अधिकारी होण्यास अपात्र’ असे शब्द येऊ शकतात, आणि त्यांच्या आत काहीही बसतं. स्वतःहून राजीनामा दिला तर प्रशिक्षणाचा खर्च आठवड्याच्या दरानं पालकांकडून वसूल करायची तरतूद आहे, त्यांनी सुरुवातीलाच तसं लिहून दिलेलं असतं. त्यामुळे ‘गाजावाजा नको, राजीनामा देऊन टाक’ हा सल्ला कुणी आपुलकीनं दिला तरी सही करण्याआधी बॉण्डचा कागद काढून वाचावा. काढलं जाणं आणि सोडून जाणं यांचे पैशाचे परिणाम वेगळे असतात.

त्रास होत असेल तर तक्रारीची शिडी ठरलेली आहे: डिव्हिजनल ऑफिसर, म्हणजे छात्रांच्या भाषेत डिव्हो, मग स्क्वाड्रन कमांडर, बटालियन कमांडर, डेप्युटी कमांडंट, कमांडंट. अठरा स्क्वाड्रन, अल्फापासून रोमिओपर्यंत, आणि प्रत्येकाचं स्वतःचं वातावरण. एका स्क्वाड्रनमध्ये जे हसण्यावारी जातं तेच शेजारच्या स्क्वाड्रनमध्ये सहा महिन्यांचा छळ ठरू शकतं, कारण सगळं एका डिव्होच्या समजुतीवर अवलंबून. तक्रार लिहिताना ‘मी अमुक आहे म्हणून मला त्रास देतात’ असं लिहायची गरज नसते. काय केलं, कधी, कुठे, कोण हजर होतं, एवढं लिहिलं की मारहाण ही मारहाणच राहते. आणि काढून टाकल्याच्या आदेशाविरुद्ध जायचं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं, म्हणजे एएफटीचं दार छात्रासाठी उघडेलच असं नाही, कारण ते न्यायाधिकरण लष्कर, नौदल, वायुदल कायद्यांखालच्या माणसांसाठी आहे. छात्राचा खात्रीचा रस्ता उच्च न्यायालयातली रिट याचिका. चुकीच्या दारात सहा महिने गेले की पुढची टर्म सुरू झालेली असते.

कमिशननंतरची गोष्ट निराळी. तिथं पुन्हा तो शब्द येतो, आणि तो आला कुठून हे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ब्रिटिशांच्या १८८१ च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम १८ खाली हीच तीन विशेषणं याच क्रमानं होती. ती १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टमध्ये आली, तिथून १९५० च्या आपल्या कायद्यात. वायुदल कायद्यात तोच मजकूर. १९६८ मध्ये सीमा सुरक्षा दलाचा कायदा झाला, स्वातंत्र्यानंतर एकवीस वर्षांनी, त्यातही तेच शब्द. कुणी बसून विचार केला आणि ठरवलं, असं यात दिसत नाही. नक्कल होत गेली.

ज्यांनी हा शब्द लिहिला त्यांनी तो पुढे खोडला. ब्रिटनच्या आर्मी ॲक्ट, १९५५ मध्येही तिन्ही विशेषणं होती. २००६ च्या आर्म्ड फोर्सेस ॲक्टमध्ये लज्जास्पद वर्तनाचं कलम ठेवलं, ‘क्रूर किंवा असभ्य’ एवढंच ठेवलं, ‘अनैसर्गिक’ गाळलं. शिक्षेची गरज त्यांनाही होतीच. मारहाण, विकृत ‘दीक्षाविधी’, जबरदस्ती या गोष्टी बराकीत घडतात आणि त्यासाठी कलम लागतं. ती गरज दोन शब्दांनी भागते.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज जोहर खटल्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून, म्हणजे ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध बाहेर काढले. चार महिन्यांनी, जानेवारी २०१९ मधल्या वार्षिक पत्रकार परिषदेत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी सांगितलं की लष्करात हे चालणार नाही आणि अशी प्रकरणं लष्कर कायद्याच्या कलमांखाली हाताळली जातील. लष्कर पारंपरिक विचारांचं आहे, असंही ते म्हणाले. या विधानावर तेव्हा बरीच आरडाओरड झाली, पण कायद्याच्या अंगानं ते तितकं चुकीचं नव्हतं, हे मान्य करायला हवं. राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला सैन्यदलांपुरते मूलभूत हक्क कमी करायची मुभा देतं. लष्कर कायदा हा कलम ३३ खालचाच कायदा आहे, म्हणून त्याच्या तरतुदी मूलभूत हक्कांशी जुळत नाहीत एवढ्यावरून रद्द होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालय १९६३ पासून म्हणत आलं आहे. व्यभिचाराच्या बाबतीत हेच घडलं. २०१८ मध्येच जोसेफ शाईन खटल्यात भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम गेलं, आणि ३१ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं स्पष्ट केलं की तो निकाल सैन्यदलांच्या कायद्यांबद्दल नव्हता. ३७७ च्या निकालाबद्दल उद्या हाच युक्तिवाद होऊ शकतो.

मग रस्ता आहे का? आहे, पण समोरच्या दारानं नाही. कलम ४६ घटनाबाह्य ठरवा, अशी मागणी घेऊन गेलात तर कलम ३३ आडवं येईल. त्याऐवजी कलम राहू द्या आणि शब्दाचा अर्थ विचारा. नवतेज जोहर निकालानं लैंगिक कल ही जन्मजात, नैसर्गिक बाब मानली. एका कायद्यापुरतं जे नैसर्गिक, ते दुसऱ्या कायद्यापुरतं अनैसर्गिक, हे सांगायला संसदेनं तसं लिहायला हवं होतं. तिनं लिहिलेलं नाही. लष्कर कायद्याच्या कलम २१ मध्ये कुठले हक्क मर्यादित करता येतील ते नावानिशी दिलंय: संघटना, सभा आणि निदर्शनं, वृत्तपत्रांशी संपर्क. खासगी आयुष्य त्या यादीत नाही. मला ही बाजू जास्त टिकाऊ वाटते.

शब्द सरसकट उडवा म्हणणाऱ्यांनी मात्र एका खड्ड्याकडे लक्ष द्यावं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७ सारखं कलमच ठेवलं नाही. संमतीचे संबंध २०१८ लाच सुटले होते, पण पुरुषावर पुरुषानं केलेल्या जबरदस्तीसाठी ३७७ चा जो भाग उरला होता तोही गेला. बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच आहे. म्हणजे बराकीत एखाद्या जवानावर वरिष्ठानं जबरदस्ती केली तर त्याच्यासाठी उरलेल्या मोजक्या हत्यारांपैकी एक हे कलम ४६ च आहे. त्यामुळे दुरुस्तीत ‘अनैसर्गिक’ काढायचं आणि त्याच जागी ‘संमतीविना’ आणि ‘हुद्द्याचा गैरवापर करून’ हे शब्द घालायचे. फक्त खोडलं तर ज्याला संरक्षण हवं तोच उघडा पडतो.

हे झालं कागदावरचं. व्यवहारात कलम ४६ पर्यंत गाडी जायची गरजच पडत नाही, इतके आडरस्ते उपलब्ध आहेत. अधिकारी आणि जेसीओंसाठी कलम ४५ आहे, ‘पदाला न शोभणारं वर्तन’. अधिकाऱ्याला त्याखाली थेट बडतर्फीपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ६३ सर्वांसाठी आहे, ‘सुव्यवस्था आणि शिस्तीला बाधक कृत्य’. त्याहून सोपं म्हणजे शेजारचा एखादा गुन्हा पकडायचा. परवानगीशिवाय स्टेशन सोडलं. रजेवरून उशिरा आला. फोनमध्ये नको ते ॲप होतं. २०२० च्या जुलैमध्ये लष्करानं ८९ ॲप काढून टाकायचा हुकूम काढला तेव्हा त्यात डेटिंगची बरीच ॲप होती, आणि हुकूम सगळ्यांना सारखाच होता. पण चौकशीत ज्याचा फोन उघडला जातो त्याच्यावरच तो हुकूम बसतो. नात्याबद्दल आरोपपत्रात एक अक्षर नसतं. म्हणून बाहेरून आकडे मोजायला जाल तर हाती काही लागणार नाही.

चौकशी सुरू झालीच तर एक नियम पाठ असावा: लष्कर नियम, १९५४ चा नियम १८०. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर बालंट येत असेल तर त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याचा हक्क आहे. ‘बाहेर थांबा, गरज लागली की बोलावू’ असं सांगितलं गेलं तर तिथल्या तिथे लेखी हरकत नोंदवायची. नंतर तोंडी सांगून उपयोग नाही. कोर्ट मार्शल न करता अधिकाऱ्याला घरी पाठवायचं असेल तर कलम १९ आणि नियम १४ चा मार्ग आहे, त्यात कारणे दाखवा नोटीस येते. तिचं उत्तर हेच बहुतेक वेळा अख्ख्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं कागदपत्र ठरतं, कारण पुढचं प्रत्येक न्यायालय आधी तेच वाचतं.

आणखी एक रस्ता वैद्यकीय. कमांडिंग ऑफिसरनं एएफएमएसएफ-१० हा फॉर्म भरला की माणूस मानसोपचार विभागात पोचतो. तिथून मेडिकल कॅटेगरी खाली आली, म्हणजे ‘शेप’ या तंदुरुस्तीच्या श्रेणीतल्या मानसिक स्वास्थ्याच्या ‘एस’ला धक्का लागला, की बढती आणि चांगलं पोस्टिंग दोन्ही अडकतं. यात शिक्षा कुठंच दिसत नाही, ‘काळजी’ दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचार संघटनेनं २०१८ मध्ये तेच जाहीर केलं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार समाजाच्या नैतिक कल्पनांशी न जुळणं हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. लष्करी डॉक्टरची पदवी पुण्याच्या एएफएमसीची असली तरी नोंदणी याच आयोगाच्या चौकटीतली असते. विभागात दाखल झाल्यावर घाबरून ‘मला नैराश्य आहे’ असं कबूल करून सुटायचा मोह होतो. खरंच नैराश्य असेल तर सांगावंच. नसताना सांगितलं तर तो शिक्का सर्व्हिसभर पुसत नाही.

सगळ्यात गुळगुळीत हत्यार म्हणजे बदली. एएफटी कायद्यानं ‘सेवाविषयक बाबीं’तून बदली आणि पोस्टिंग मुद्दाम वगळलंय. म्हणजे तुम्हाला बडतर्फ केलं तर न्यायाधिकरणात जाता येतं, पण सहा महिन्यांत दोनदा हलवलं तर तिथं दाद नाही. उरते ती वरिष्ठांकडे वैधानिक तक्रार, अधिकाऱ्यांसाठी कलम २७, इतरांसाठी कलम २६. इतर बाबतींतही आधी ही तक्रार करावीच लागते. सहा महिने उत्तर आलं नाही तर एएफटीचं दार उघडतं, आणि अंतिम आदेश आला असेल तर त्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. महाराष्ट्र-गोव्यातल्यांसाठी खंडपीठ मुंबईला आहे.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाबतीत अडचण आणखी ठोस आहे. भरतीलाच दोन दारं आहेत, पुरुष आणि स्त्री. विशाखापट्टणमच्या तळावरच्या एका खलाशानं २०१६ मध्ये रजेवर असताना लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘सेवेची आवश्यकता उरली नाही’ या नियमाखाली नौदलानं सेवा संपवली, आणि भरतीच्या वेळचं लिंग मनानं बदललं, असं कारण जाहीर केलं. कामात चूक काढलेली नव्हती. ट्रान्सजेंडर व्यक्तींची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नाल्सा निकाल तोवर तीन वर्षांचा झाला होता. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम ९ नोकरीतला भेदभाव मना करतं आणि त्यातली ‘आस्थापना’ची व्याख्या सरकारी यंत्रणांना कवेत घेते, पण सैन्यदलांच्या भरतीचे फॉर्म त्या कायद्याकडे बघून बदललेले नाहीत.

‘राहायची सोय नाही’ हे उत्तर या विषयात हमखास येतं. त्यासाठी फार लांब जायला नको, खडकवासल्यातच बघा. १८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा अंतरिम आदेश दिला. सरकारनं मे २०२२ पर्यंत मुदत मागितली, सोयी उभारायच्या आहेत म्हणून. न्यायालयानं ती दिली नाही, नोव्हेंबरात परीक्षा झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली पास आऊट झाल्या. राहण्याचे मजले, न्हाणीघरं, शारीरिक चाचण्यांची मानकं, महिला प्रशिक्षक, वैद्यकीय व्यवस्था हे सगळं एका वर्षात बसवलं गेलं. समलिंगी छात्रासाठी तर एक वीटही बसवावी लागणार नाही. तो आजही तिथंच राहतोय.

बंदी उठवायची म्हणजे नक्की करायचं काय, याचा ब्रिटनइतका चांगला नमुना नाही, चांगला आणि वाईटही. तिथं १९६७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी कायदा बदलला, सैन्यदलांना वगळून. जवळपास आपली २०१८ नंतरची स्थिती. पुढची तेहतीस वर्षं लष्करी पोलिसांची खास शाखा लोकांची कपाटं, पत्रं, डायऱ्या तपासत राहिली. २७ सप्टेंबर १९९९ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं चार माजी सैनिकांच्या बाजूनं निकाल दिला. त्यात तासन्‌तास विचारलेल्या खासगी प्रश्नांबद्दल कडक शब्द आहेत. १२ जानेवारी २००० ला बंदी उठली. तिच्या जागी आली एक छोटी आचारसंहिता, आणि तिच्या मध्यभागी एकच कसोटी: या व्यक्तीच्या वागण्यानं दलाच्या कार्यक्षमतेवर वाईट परिणाम झालाय का, किंवा व्हायची शक्यता आहे का? कसोटी सगळ्यांना लागू. कनिष्ठाच्या बायकोशी संबंध ठेवणारा मेजरही तिच्यात येतो, कनिष्ठ सैनिकाशी संबंध ठेवणारा समलिंगी मेजरही येतो, आणि हुद्द्याच्या साखळीबाहेर कुणाशी घर थाटलं तर दोघांपैकी कुणीच येत नाही. राजीनाम्यांची लाट येईल म्हणणारे बरेच होते. ती आली नाही.

वाईट भाग हा की मागच्यांचा हिशेब करायला २३ वर्षं लागली. या अन्यायाची चौकशी करणारे माजी न्यायाधीश लॉर्ड एथर्टन यांच्या अहवालात ४९ शिफारशी होत्या. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये साडेसात कोटी पौंडांची योजना आली, बडतर्फ झालेल्याला ५० हजार पौंड, छळाबद्दल वर २० हजारांपर्यंत. तोवर बरेच जण गेलेले होते.

अमेरिकेकडून घ्यायचं ते प्रशिक्षणाचं वेळापत्रक. समलिंगी सैनिकाला कल लपवून ठेवला तरच नोकरीत राहू देणारं ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरण रद्द करणारा कायदा डिसेंबर २०१० मध्ये झाला, पण अंमल २० सप्टेंबर २०११ पासून. मधल्या काळात शिकवणी तीन थरांत झाली: आधी धर्मगुरू, वकील, समुपदेशक वगैरे, मग कमांडर, मग सगळं सैन्य. हा क्रम महत्त्वाचा आहे. जवानांना आधी सांगितलं आणि त्यांचे प्रश्न घेऊन ते अशा कमांडरकडे गेले ज्याला काहीच ठाऊक नाही, तर पहिल्याच आठवड्यात विषय थट्टेवर जातो. वेस्ट पॉइंट या तिथल्या लष्करी अकादमीत २०१२ मध्ये एलजीबीटी छात्रांचा आणि त्यांच्या मित्रांचा ‘स्पेक्ट्रम’ नावाचा क्लब निघाला, डिसेंबरात तिथल्या कॅडेट चॅपलमध्ये दोन स्त्रियांचं लग्नही लागलं, त्यातली एक १९८० च्या तुकडीची, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या पहिल्या मुलींपैकी. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका फटक्यात डझनभर क्लब बंद झाले, स्पेक्ट्रम त्यात होता. ट्रान्सजेंडर सैनिकांबद्दलचं धोरण तर २०१६, २०१७, २०१९, २०२१, २०२५ असं उलटसुलट होत राहिलं. समलिंगी सैनिकांचा प्रश्न संसदेच्या कायद्यानं सुटला म्हणून तो निदान टिकला. ट्रान्सजेंडर सैनिकांचा आदेशांवर चालला, आणि आदेश सही करणाऱ्यागणिक बदलतो. आपल्याकडेही कुणी ‘कायदा नको, मुख्यालयाचं एक पत्र पुरे’ म्हणालं तर हे आठवावं.

सुरक्षेचा मुद्दा राहिला. २०२२ मध्ये एका चित्रपटाच्या पटकथेला संरक्षण मंत्रालयानं ना-हरकत नाकारली. काश्मीरमधला सैनिक आणि स्थानिक तरुण यांचं नातं दाखवल्यानं लष्कराची प्रतिमा मलिन होते आणि सुरक्षेचे प्रश्न उभे राहतात, असं कारण दिलं गेलं. हनीट्रॅपची भीती खोटी नाही. पण ब्लॅकमेलला लागते ती लपवलेली गोष्ट. जी गोष्ट कमांडिंग ऑफिसरला माहीत आहे आणि ज्यासाठी नोकरी जात नाही, तिच्यावर कुणी पैसे उकळू शकत नाही. गुपित कोण तयार करतंय, हा प्रश्न गुप्तचर खात्यानंच विचारायला हवा.

आणि शेवटी सर्वांत रुक्ष पण रोजचा भाग, कागदपत्रांचा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, त्यामुळे फॅमिली क्वार्टर, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), कौटुंबिक पेन्शन यांत जोडीदार बसत नाही. काय करता येतं ते मोजकं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्यानं संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला अडचण नाही. बचत, घर, गाडी यासाठी इच्छापत्र करावं. इथं एक गैरसमज पक्का बसलाय की युद्धभूमीवरचा सैनिक तोंडी इच्छापत्र करू शकतो. भारतीय उत्तराधिकार कायद्यात तशी सवलत आहे खरी, कलम ६५ आणि ६६, पण ती कलमं हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि मुस्लीम सैनिकांना लागू होत नाहीत. हिंदू सैनिकानं कलम ६३ प्रमाणे लेखी इच्छापत्रच करायला हवं, स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण, तब्येतीनं बरे आणि शोधायला सोपे असावेत. ज्याच्या नावानं देणार तोच साक्षीदार नको. पेन्शन इच्छापत्रात लिहून देता येत नाही, ती नियमानं ज्याची त्यालाच जाते, तेव्हा त्यात आकडे घालून आई आणि जोडीदार यांच्यात भांडण लावू नये.

किंड्रेड रोल या सैनिकाच्या सेवानोंदीतल्या यादीत नातेवाइकांची नावं असतात. अपघाताची बातमी त्या यादीवरच्या माणसाला जाते. मित्राला किंवा मैत्रिणीला तिथं रकाना नाही. त्यामुळे बहीण, मावसभाऊ, कुणीतरी एक जण आधीच विश्वासात घेऊन ठेवावा लागतो, जोडीदाराचा नंबर त्याच्याकडे द्यावा लागतो, आणि पोस्टिंग बदललं की तो नंबर अजून चालू आहे ना, हे तपासावं लागतं.